कर्जफेडीची योजना चालू असताना एकरकमी पैसे हाती आल्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डची थकबाकी, गृहकर्ज, पतसंस्थेचे कर्ज अशी एकाहून अधिक देणी ठरवून घेतलेल्या हप्त्यांनी फेडत असताना बोनस, विम्याची मुदतपूर्तीची रक्कम, ग्रॅच्युइटी किंवा मालमत्तेतील हिस्सा अशा रूपाने मोठी रक्कम हाती आली, तर तिचा उपयोग कसा करावा, याविषयी भारतातील वैयक्तिक कर्जदारांना पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. बँकेने केलेली कर्जाची पुनर्रचना, कार्डाच्या थकबाकीचे हप्त्यांत केलेले रूपांतर, किंवा कर्जदात्यांशी लेखी ठरवून कमी करून घेतलेला हप्ता, या सर्वांना येथे ‘योजना’ म्हटले आहे. शेतीकर्ज आणि व्यवसायासाठी घेतलेली कर्जे यांचे नियम वेगळे असल्याने ती येथे विचारात घेतलेली नाहीत.

हाती आलेली सगळी रक्कम लगेच कर्जात भरून टाकावी का?

नाही. कर्जात भरलेला पैसा अडचणीच्या वेळी परत मागता येत नाही, आणि सगळी रक्कम भरून मोकळे झालेल्या कर्जदाराचा दोन महिन्यांनी आजारपणामुळे किंवा पगार लांबल्यामुळे एक हप्ता चुकला, तर ‘मागे मोठी रक्कम भरली होती’ ही सबब बँक ऐकून घेत नाही. योजनेचे यश दरमहा वेळेवर जाणाऱ्या हप्त्यावर अवलंबून असते. म्हणून किमान तीन महिन्यांचा घरखर्च आणि तेवढ्याच महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून उरलेली रक्कम कर्जासाठी ‘मोकळी’ समजावी. नोकरीची शाश्वती नसेल, तर तीनऐवजी सहा महिने धरावेत.

त्याआधी ती रक्कम खरोखर किती आहे, हेही पाहावे. बोनसवर कर कापला जातो. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम सर्वसाधारणपणे करपात्र ठरते. जमीन किंवा घर विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. वर्षाअखेरीस कर भरायला पुन्हा कर्ज काढावे लागले, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. आरोग्य विम्याचा हप्ता, थकलेले घरभाडे, वीजबिल आणि मुलांची फी ही देणी कर्जाच्या यादीत दिसत नाहीत. मात्र घडी विस्कटायला तीच पुरेशी असतात, तेव्हा ती आधी भागवावीत.

रक्कम मिळाल्याचे कर्जदात्यांना कळवणे बंधनकारक आहे का?

याचे उत्तर आपल्या योजनेच्या कागदात आहे. उत्पन्नात किंवा आर्थिक स्थितीत बदल झाल्यास कळवण्याची अट काही पुनर्रचना-करारांत असते, आणि तशी अट असेल तर ती पाळलीच पाहिजे. अट नसेल, तर स्वतःहून फोन करून सांगण्याची सक्ती नाही. मात्र विचारणा झाल्यावर खोटे सांगणे हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. उत्पन्न कमी असल्याचे दाखवून हप्ता कमी करून घेतला असेल आणि त्यानंतर एकाच कर्जदात्याला मोठी रक्कम दिली, तर बाकीचे कर्जदाते सवलत काढून घेण्याची भाषा करू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

एक व्यावहारिक बाब येथेच सांगणे योग्य ठरेल. ज्या बँकेचे कर्ज थकले आहे, त्याच बँकेतील बचत खात्यात ही रक्कम जमा झाली, तर बँक आपल्या हक्काचा वापर करून ती थकबाकीपोटी वळती करून घेऊ शकते. मग कोणते देणे आधी भागवावे, हा निर्णय आपल्या हातात उरत नाही. त्यामुळे रक्कम येण्याआधीच ती कोणत्या बँकेतील खात्यात यावी, हे ठरवून घ्यावे. यात काहीही गैर नाही.

अनेक कर्जांपैकी कोणते आधी फेडावे?

पहिला निकष धोक्याचा आहे. राहते घर तारण असलेल्या कर्जाचे हप्ते थकले असतील, तर ती थकबाकी सर्वांत आधी भरावी. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँकेने साठ दिवसांची मागणी-नोटीस दिल्यानंतर ती मालमत्तेचा ताबा घेण्याकडे वळू शकते, आणि लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याआधी संपूर्ण देणे खर्चासह भरले तरच मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क शाबूत राहतो. घर वाचवायचे असेल तर कालापव्यय परवडत नाही. गृहकर्ज नियमित चालू असेल, तर मात्र केवळ ते सर्वांत मोठे आहे म्हणून त्याला पहिला मान देण्याचे कारण नाही.

दुसरा निकष व्याजदराचा. क्रेडिट कार्डच्या एक लाख रुपयांच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के दराने ३,५०० रुपये व्याज लागते, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ६३० रुपये, असे एकूण ४,१३० रुपये दरमहा जातात. तेवढ्याच रकमेच्या १४ टक्के दराच्या वैयक्तिक कर्जावर महिन्याचे व्याज सुमारे १,१६७ रुपये आणि साडेआठ टक्के दराच्या गृहकर्जावर सुमारे ७०८ रुपये होते. एक लाख रुपये कोठे भरल्याने महिन्याला किती वाचते, ते या तीन आकड्यांवरून दिसते. गृहकर्जाचा बोजा मनाला जास्त टोचतो, म्हणून अनेक जण तेथेच पैसे भरतात आणि कार्डावर ‘किमान देय रक्कम’ भरत राहतात. हिशेबाने पाहता याहून महाग पर्याय क्वचितच असेल.

येथे एक सावधगिरी हवी. कर्ज घेताना ठरलेला दर पाहू नये, योजनेत आज प्रत्यक्ष लागत असलेला दर पाहावा. कार्डाच्या थकबाकीचे हप्त्यांत रूपांतर झाले असेल, तर तिचा दर बहुधा पूर्वीपेक्षा बराच कमी झालेला असतो, आणि एखाद्या कर्जदात्याने योजनेच्या काळापुरते व्याज थांबवले असेल, तर ते कर्ज लवकर फेडून व्याजाची काहीच बचत होत नाही. असे कर्ज यादीत शेवटी ठेवावे. बहुतेकांना मात्र पहिल्यांदा फेडावेसे वाटते ते सतत फोन करणाऱ्याचे कर्ज.

लहान कर्ज आधी संपवण्याचा मार्गही सरसकट चुकीचा नाही. वीस-पंचवीस हजारांचे एक खाते बंद झाले की त्याचा हप्ता मोकळा होतो आणि तो पुढच्या कर्जाकडे वळवता येतो. व्याजदरांत फार फरक नसेल, तर हाच मार्ग घ्यावा.

योजनेत तीन कर्जदाते असतील, तर रक्कम त्यांना प्रमाणात वाटून द्यावी का?

योजना सर्व कर्जदात्यांच्या संमतीने, प्रत्येकाला त्याच्या येण्याच्या प्रमाणात देण्याच्या तत्त्वावर बेतलेली असेल, तर जादा रक्कमही त्याच प्रमाणात द्यावी लागेल. समजा, कार्डाचे ८०,०००, वैयक्तिक कर्जाचे २,००,००० आणि पतसंस्थेचे १,२०,००० असे एकूण ४,००,००० रुपयांचे देणे आहे आणि मोकळी रक्कम १,२०,००० रुपये आहे. प्रमाणात वाटल्यास त्यांना अनुक्रमे २४,०००, ६०,००० आणि ३६,००० रुपये मिळतील, तिन्ही खाती चालू राहतील आणि तिन्ही हप्ते तसेच राहतील. याउलट कार्ड पूर्ण फेडले, तर एक खाते बंद होते, त्याचा हप्ता सुटतो आणि ४०,००० रुपये दुसऱ्या कर्जात भरायला उरतात. योजनेने हात बांधलेले नसतील, तर दुसरा मार्ग जवळजवळ नेहमीच सरस ठरतो. हात बांधलेले असतील, तर सर्वांना एकाच वेळी लेखी प्रस्ताव पाठवून, एक खाते बंद झाल्यावर सुटणारा हप्ता उरलेल्या दोघांना वाढवून दिला जाईल, असे कबूल करावे. अशा प्रस्तावाला नकार देण्यात त्यांचाही फायदा नसतो.

मोठी रक्कम भरली, तरी खात्याच्या उताऱ्यात मुद्दल तेवढेच का दिसते?

ही तक्रार फार सर्रास येते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा एकच असते : रक्कम कशासाठी भरली आहे, हे भरताना सांगितलेले नसते. हप्त्यापेक्षा जास्त रक्कम आली की अनेक वित्तसंस्थांची संगणकप्रणाली ती ‘जादा जमा’ किंवा ‘आगाऊ हप्ता’ अशा नोंदीखाली खात्यात नुसती ठेवून देते. पुढचे हप्ते त्यातून वळते होत राहतात, व्याज मात्र जुन्याच मुद्दलावर आकारले जाते. पैसे दिलेले असतात, आणि त्यांचा उपयोग शून्य होतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याची कलमे ५९ ते ६१ या बाबतीत कर्जदाराच्या बाजूने आहेत. एकाच कर्जदात्याची अनेक देणी असताना आपण रक्कम भरताना ती कोणत्या देण्यापोटी आहे हे सांगितले, तर कर्जदात्याने ती स्वीकारल्यावर त्याच देण्याकडे लावली पाहिजे. आपण काहीच सांगितले नाही, तर ती कोठे लावायची हे कर्जदाता ठरवतो. दोघांनीही काही ठरवले नाही, तर देणी ज्या क्रमाने निर्माण झाली त्या क्रमाने रक्कम वळती होते. एकाच कर्जाच्या आत मात्र आधी शुल्क, मग व्याज आणि शेवटी मुद्दल, असा क्रम करारात बहुधा आधीच लिहिलेला असतो. थकबाकी असेल तर तो क्रम टाळता येत नाही.

म्हणून पैसे भरण्याच्या आधी शाखेला किंवा ग्राहकसेवेच्या ईमेलवर असे पत्र द्यावे :

‘माझ्या वरील क्रमांकाच्या वैयक्तिक कर्ज खात्यात मी दिनांक … रोजी १,५०,००० रुपये अंशतः मुदतपूर्व परतफेड म्हणून भरत आहे. ही रक्कम आगाऊ हप्ता म्हणून ठेवू नये. ती त्याच दिवशी मुद्दलातून वजा करावी. मासिक हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी आणि हप्त्यांचे सुधारित वेळापत्रक मला सात दिवसांत पाठवावे.’

सुधारित वेळापत्रक हाती आल्याशिवाय काम झाले असे समजू नये. त्यात मुद्दलाचा रकाना पाहावा, कारण ‘रक्कम मिळाली’ एवढाच संदेश पुरेसा नसतो. हप्ते पोस्ट-डेटेड धनादेशांनी किंवा ई-मँडेटने (खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याच्या ऑनलाइन परवानगीने) जात असतील, तर पुढच्या महिन्याचा हप्ता ठरल्याप्रमाणे गेला ना, हेही तपासावे.

हप्ता कमी करून घ्यावा की मुदत?

व्याजाची बचत मुदत कमी करण्यात आहे. उदाहरणादाखल, १४ टक्के दराचे ५,००,००० रुपये शिल्लक आहेत आणि ४८ महिने बाकी आहेत, असे समजू. हप्ता सुमारे १३,६६३ रुपये येतो आणि काहीच जादा भरले नाही, तर पुढील काळात सुमारे १,५६,००० रुपये व्याज जाते. आता १,५०,००० रुपये मुद्दलात भरले आणि मुदत ४८ महिनेच ठेवली, तर हप्ता सुमारे ९,५६४ रुपयांवर येतो आणि एकूण व्याज सुमारे १,०९,००० रुपये होते. हप्ता पूर्वीचाच ठेवला, तर कर्ज ३१ महिन्यांत संपते आणि व्याज सुमारे ६८,००० रुपयांवर थांबते. दोहोंतील फरक सुमारे ४१,००० रुपयांचा आहे.

तरीही योजनेत असलेल्या प्रत्येकाने मुदतच कमी करावी, असे आम्ही म्हणणार नाही. महिन्याचा खर्च भागवताना दर वेळी ओढाताण होत असेल, तर दरमहा सुटणारे सुमारे ४,१०० रुपये ४१,००० रुपयांच्या लांबच्या बचतीपेक्षा मोलाचे ठरतात, कारण त्यामुळे हप्ता चुकण्याची पाळी येत नाही. हप्ता कमी करून घेतल्यावर हातात पैसे उरतील त्या महिन्यांत स्वतःहून जादा भरता येते. उलट, मोठा हप्ता कायम ठेवल्यावर तो नंतर कमी करून घेण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईलच असे नाही. गृहकर्जासारख्या बदलत्या व्याजदराच्या कर्जांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले आहे की व्याजदर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्हींचा मेळ घालावा, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे आणि कर्जाचा काही भाग किंवा संपूर्ण कर्ज मुदतीआधी फेडण्याची मुभाही असली पाहिजे.

मुदतीआधी रक्कम भरल्यास दंड लागतो का?

व्यक्तीने व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर असा आकार लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये काढलेले निर्देश १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांना लागू आहेत. त्यांनुसार पैसे कोठून आले हे विचारून किंवा अमुक महिने झालेच पाहिजेत अशी अट घालून आकार लावता येत नाही. बँकांच्या गृहकर्जांना अशी सूट २०१२ पासूनच आहे.

वैयक्तिक कर्ज आणि वाहनकर्ज बहुधा स्थिर दराचे असते, आणि तेथे करारानुसार आकार लागू शकतो. तो भरणे परवडते का, हे शिल्लक मुदतीवर ठरते. १४ टक्के दराचे एक लाख रुपये आणि सहाच हप्ते उरले असतील, तर त्या सहा महिन्यांचे व्याज मिळून सुमारे ४,१०० रुपये होते; मुदतपूर्व बंद करण्याचा आकार चार टक्के असेल, तर ४,००० रुपये आणि त्यावरील कर भरून काहीच साधत नाही. तेच कर्ज तीन वर्षे बाकी असताना बंद केले, तर आकार भरूनही मोठी बचत होते.

खाते थकीत झाले असेल, तर काही हप्ते भरून ते नियमित होते का?

नव्वद दिवसांहून अधिक काळ थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केल्यानुसार, एकदा एनपीए झालेले खाते मुद्दल आणि व्याज यांची संपूर्ण थकबाकी भरल्यावरच पुन्हा नियमित वर्गात येते. थकलेल्या चारपैकी दोन हप्ते भरल्याने खात्याचा दर्जा बदलत नाही. पुनर्रचना झालेल्या खात्यांना ठरावीक काळ नियमित परतफेड दाखवण्यासारख्या आणखी अटी असतात. एकाच बँकेची दोन कर्जे असतील, तर दोन्हींची थकबाकी मिटवावी लागते.

म्हणून हाती आलेली रक्कम एखाद्या खात्याची संपूर्ण थकबाकी भरून काढण्याइतकी असेल, तर ती तेथे एकाच वेळी भरण्याला मोठा अर्थ आहे. चार खात्यांत थोडीथोडी वाटल्याने चारही खाती थकीतच राहू शकतात. थकबाकीचा नेमका आकडा शाखेकडून त्या दिवसाच्या तारखेसह लेखी घ्यावा. त्यात दंडात्मक आकारावर पुन्हा व्याज लावलेले दिसले, तर हरकत घ्यावी, कारण २०२४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार दंडात्मक आकार मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारता येत नाही.

थोडी रक्कम घेऊन कर्ज मिटवण्याची एकरकमी तडजोड करावी का?

थकीत खात्यांच्या बाबतीत कर्जदाते कधी कधी येणे रकमेपेक्षा कमी रक्कम एकदम घेऊन खाते मिटवतात. करार कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार अशी कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारता येते. हाती आलेली रक्कम ही वाटाघाटीतील आपली एकमेव जमेची बाजू असते, आणि ती एकदाच वापरता येते. त्यामुळे तिचा खर्च सर्वांत विचारपूर्वक करायचा तो येथे.

तडजोडीचा प्रस्ताव स्वतः मांडावा, तो लेखी असावा, आणि त्यात रक्कम, ती भरण्याची तारीख आणि ती आता का देता येत आहे, हे थोडक्यात असावे. सुरुवातीलाच हातातील सगळी रक्कम देऊ करू नये. वसुली प्रतिनिधीने फोनवर ‘एवढे भरा, बाकीचे माफ करून देतो’ असे सांगितले, तरी बँकेच्या अधिकृत ईमेलवरून किंवा सही-शिक्क्यासह मंजुरीपत्र येईपर्यंत एक रुपयाही भरू नये. त्या पत्रात कर्ज खात्याचा क्रमांक, तडजोडीची रक्कम, अंतिम तारीख, उरलेली रक्कम माफ केली जात असल्याचा स्पष्ट उल्लेख, दाखल खटले मागे घेण्याची हमी, आणि पैसे भरल्यावर ना-देय दाखला किती दिवसांत मिळेल, हे सर्व हवे. ‘आपली विनंती विचाराधीन आहे’ अशा पत्रावर पैसे भरणाऱ्यांची रक्कम नुसती थकबाकीत जमा झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. पैसे थेट कर्ज खात्यातच भरावेत, प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यात किंवा रोखीने कधीही नाही. ठरलेली तारीख एक दिवसानेही चुकवू नये, कारण बहुतेक मंजुरीपत्रांत तारीख चुकल्यास सवलत आपोआप रद्द होण्याची अट असते.

याची किंमतही माहीत असावी. असे खाते पतअहवालात (क्रेडिट रिपोर्टमध्ये) ‘बंद’ न दिसता ‘तडजोडीने मिटवलेले’ असे दिसते, आणि नवे कर्ज मागताना ही नोंद वर्षानुवर्षे आडवी येते. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या चौकटीनुसार, शेतीकर्ज वगळता, तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने किमान बारा महिने नवे कर्ज देऊ नये, असा दंडक आहे. त्यामुळे योजनेतील हप्ते वेळेवर जात असतील आणि पुढील दोन वर्षांत संपूर्ण फेड होण्यासारखी असेल, तर केवळ काही रक्कम वाचते म्हणून तडजोड करणे शहाणपणाचे नाही. ज्याला योजना पूर्ण करायला आठ-दहा वर्षे लागणार आहेत, त्याच्यासाठी मात्र पतअहवालातील डाग हा दुय्यम प्रश्न आहे.

अनेक वर्षे कोणी न मागितलेले जुने कर्जही आता फेडून टाकावे का?

नैतिक उत्तर आपले आपण द्यावे. कायदेशीर बाजू अशी की पैशांच्या वसुलीसाठी दावा लावण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, तारण कर्जांना ती जास्त असते. ती संपण्याआधी कर्जदाराने सहीनिशी देणे मान्य केले किंवा लेखी नोंदीसह काही रक्कम भरली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. मुदत संपलेल्या देण्याबाबतही सही करून ‘मी फेडीन’ असे लिहून दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते वचन बंधनकारक ठरू शकते. म्हणून जुन्या कर्जापोटी ‘नमुन्यादाखल’ पाच हजार भरण्याआधी किंवा कशावरही सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. फेडायचेच असेल, तर तुकड्यांत न देता अंतिम तडजोड म्हणूनच द्यावे.

जामीनदार आणि सहकर्जदार यांचे काय?

सहकर्जदारांपैकी एकाला कर्जदात्याने मोकळे केले, म्हणून दुसरा आपोआप मोकळा होत नाही. जामीनदाराच्या बाबतीत कायदा काहीसा उदार असला, तरी जामीनपत्रात त्या हक्कांवर पाणी सोडणारी कलमे बहुधा असतात. म्हणून तडजोडीच्या पत्रात जामीनदाराचे आणि सहकर्जदाराचे नाव घालून, त्यांच्याकडूनही काही येणे राहिलेले नाही, असे लिहून घ्यावे. सहकारी पतसंस्थेच्या कर्जात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली मिळालेल्या वसुली दाखल्यावर जामीनदारांची नावेही असतात आणि जप्ती अनेकदा पगारदार जामीनदाराकडेच आधी येते.

ही रक्कम ठेवीत किंवा म्युच्युअल फंडात गुंतवून हप्ते तसेच चालू ठेवले तर?

सात टक्क्यांच्या ठेवीवरील व्याज करपात्र असते, आणि कर्ज चौदा टक्क्यांचे असते. बाजूला ठेवलेली आपत्कालीन रक्कम सोडली, तर हा व्यवहार तोट्याचाच आहे.

रक्कम नातेवाइकाने दिली असेल, तर काही काळजी घ्यावी लागते का?

ती भेट आहे की उसनवारी, हे आधी लिहून ठेवावे. आयकर कायद्यात व्याख्या केलेल्या जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेली भेट करपात्र नसते. इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळाले, तर ती रक्कम उत्पन्नात धरली जाते. उसनवारी असेल, तर २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेऊ अथवा फेडू नये. आणि ती उसनवारी असेल, तर योजनेत एक कर्ज कमी होऊन दुसरे आले, एवढाच बदल झालेला असतो, हे घरात सर्वांना ठाऊक असावे.

‘कर्ज सेटल करून देतो’ म्हणणाऱ्या कंपनीकडे ही रक्कम द्यावी का?

देऊ नये. वाटाघाटीसाठी मदत घ्यायची असेल, तर वकील किंवा सल्लागार ठरावीक शुल्कावर नेमता येतो, पण कर्जाची रक्कम त्याच्या खात्यात जाता कामा नये. ‘हप्ते थांबवा आणि ते पैसे आमच्याकडे साठवा’ असा सल्ला देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे, कारण त्या काळात खाते थकत जाते, व्याज वाढते आणि नोटिसा आपल्याच पत्त्यावर येतात. खटला चालू असेल किंवा व्हायचा असेल, तर लोकअदालतीचा मार्ग विनाशुल्क उपलब्ध आहे. तेथे झालेल्या तडजोडीला १९८७ च्या कायद्यानुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि तिच्यावर अपील होत नाही.

कर्ज पूर्ण फेडल्यावर कोणते कागद ताब्यात घ्यावेत?

ना-देय दाखला, शून्य शिल्लक दाखवणारा खात्याचा उतारा, दिलेले कोरे धनादेश, आणि ई-मँडेट रद्द झाल्याची खात्री, एवढे तर हवेच. घर किंवा जमीन तारण असेल, तर मूळ दस्तऐवज पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यातील किंवा मालमत्तापत्रकावरील बोजा मात्र आपोआप उतरतोच असे नाही. बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, आणि हे काम अनेकजण विसरतात ते थेट घर विकायच्या वेळेपर्यंत. क्रेडिट कार्ड पूर्ण फेडल्यावर ते बंद करण्याची विनंती वेगळी करावी; ती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण न झाल्यास दररोज ५०० रुपये दंड कार्ड देणाऱ्या संस्थेला भरावा लागतो.

दीड-दोन महिन्यांनी पतअहवाल मागवून पाहावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. चुकीची नोंद कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

कर्जदात्याने पैसे घेऊनही ठरल्याप्रमाणे केले नाही, तर कोठे जावे?

प्रथम त्याच संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, पैसे भरल्याची पावती आणि आधी पाठवलेले पत्र जोडून, लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर बँका आणि बहुतेक मोठ्या वित्तसंस्थांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क तक्रार करता येते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. त्यांच्याविषयीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावी लागते. वसुली प्रतिनिधी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील, तर त्या फोनच्या तारखा आणि वेळा टिपून त्याच तक्रारीत जोडाव्यात.